नागम्माचं गिटारचं खोकं

नागम्मा गायला बसली की तिची फक्त पाठ दिसते. त्यांच्या मंडळाची रीतच तशी आहे. गाणारी बाई पिंडीकडे तोंड करून बसते आणि बाकीच्या सातजणी तिच्या मागे दोन ओळींत. गाणारीने ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची. देवाकडे पाठ करायची नाही, त्यामुळे गाणारीला मागे वळता येत नाही, आणि मागच्यांना तिचे ओठ दिसत नाहीत. ओळ कुठे सोडायची, कुठे पुन्हा धरायची, लय कधी वाढवायची, हे सगळं एका आवाजावरून कळून घ्यायचं. नागम्माच्या बाबतीत ते कधी अवघड गेलं नाही. तिचा आवाज खळ्यावर वाढलेला होता. धोंडप्पा लग्नानंतर चार दिवसांनीच म्हणाला होता, "हिला हाक मारायला शिकवायची गरज न्हाई, हळू बोलायला शिकवा."

धोंडप्पा म्हणजे तिचा नवरा. लातूरच्या ट्यूशन एरियात, मोठ्या क्लासेसच्या मागच्या गल्लीत, त्याचं जुन्या सामानाचं दुकान आहे. निकाल लागले की पोरं-पोरी गावाकडे परत जातात, तेव्हा त्यांच्या खाटा, कुलर, अभ्यासाची टेबलं तो विकत घेतो आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या नव्या पोरांना विकतो. त्याची एक सवय आहे. आलेल्या प्रत्येक खाटेवर तो पाच-दहा मिनिटं आडवा होतो, कूस बदलतो, कुठे करकरते ते ऐकतो आणि तिथला नट आवळतो. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, आप्पासारखी झोप साऱ्या लातुरात कुणाला नाही, दिवसाला बारा खाटांवर झोपतो माणूस.

नागम्माचं माहेर देवणी. तिथल्या महादेवाच्या देवळात दर श्रावणात शिवनाम सप्ताह बसतो. पाचव्या दिवशी दुपारची भजनाची पाळी तिच्या आईची, संगम्माची होती. संगम्मा गेली तेव्हा नागम्मा चौतीस वर्षांची होती. त्या वर्षी तिने लातूरहून आपलं मंडळ नेलं आणि पाळी चालवली. त्याला बावीस वर्षं झाली. पाळी गाणाऱ्या बाईच्या नावाने लिहिलेली असते. ती एका वर्षी गायली नाही तर पाळी पुढच्या मंडळाला जाते आणि मग परत मिळत नाही. उदगीरचं एक मंडळ आठ वर्षांपासून वाट बघत आहे. त्या बायका नागम्माला दरवर्षी प्रेमाने विचारतात, "आक्का, तब्येत बरी हाय ना?" आणि गौरम्मा मागून पुटपुटते, "बरी न्हाई म्हणलं तर पेढे वाटतील."

गौरम्मा मंडळात नागम्माच्या मागे, पहिल्या ओळीत डावीकडे बसते. नागम्माची ओळ सगळ्यात आधी तीच उचलते. तिचं माहेर कर्नाटकातल्या औरादचं, त्यामुळे मराठीत मधेच कानडी येते, आणि रागावली की नुसती कानडीच. दोघींची तीस वर्षांची मैत्री आहे आणि तितक्याच वर्षांचं भांडण.

जानेवारीत नागम्माच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती. गाठ साधी निघाली, घरच्यांनी देवाला नारळ फोडला. पण नागम्मा शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितलं, तेव्हा शेजारी बसलेल्या धोंडप्पाला ते ऐकूच आलं नाही. तिला वाटलं, गुंगी आहे. आठ दिवसांनी वाटलं, सूज आहे. महिन्याने कळलं की आवाजाकडे जाणारी एक नस दुखावली आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात परत येईल, कदाचित नाही येणार.

जो आवाज उरला होता तो वारा भरलेला होता. अर्ध्या वाक्यात श्वास संपायचा. गल्लीतून भाजीवाला जायचा तेव्हा ती दारात उभी राहून टाळ्या वाजवायची. फोनवर पुण्याचा मुलगा दर दोन शब्दांनी "आई? ऐकू येतंय का?" म्हणायचा, आणि शेवटी ती फोन धोंडप्पाकडे द्यायची. सगळ्यांना वाटायचं तिला गाता येत नाही याचं दुःख आहे. ते होतंच. पण तिला जास्त टोचायचं ते वेगळंच. घरात ती काही बोलली की लोक काम थांबवून, मान वाकडी करून, डोळे बारीक करून तिच्याकडे बघायचे. साधं "मीठ द्या" म्हणायचं तरी सगळ्या घराला हात थांबवायला लागायचा. मग ती मीठ उठून स्वतःच घ्यायला लागली.

तिची मुलगी वर्षाराणी नांदेडला असते. तिने आईला तिथल्या आवाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी एक पेला पाणी आणि एक स्ट्रॉ हातात दिली. स्ट्रॉ पाण्यात बुडवायची आणि "हूं" करत बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच वेळा. नागम्माला हसू आलं. नातवंडांना ज्यासाठी धपाटा घालावा, ते करायला इतक्या लांब आलो. बाईंनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. "आवाज ओढायचा नाही. कुजबुजायचंही नाही. जेवढा आहे तेवढ्याच आवाजात बोलायचं. ओढलात तर आहे तोही जाईल."

"मग श्रावणात?" नागम्माने विचारलं.

बाईंना ते ऐकू गेलं. त्यांना सवय होती. पण त्यांनी फक्त स्ट्रॉ पुन्हा तिच्या हातात दिली.

सोमवारच्या भजनाला नागम्मा जायची बंद झाली. गौरम्मा पुढे बसायला लागली. ती सुरुवातच इतकी वर करायची की तिसऱ्या कडव्याला सगळ्यांचे गळे ताणलेले असायचे. एकदा ती स्वतःच येऊन सांगून गेली, "तू ये बाई परत. पुढं बसलं की मला मागं कोण काय करून राहिलंय तेच कळत न्हाई, लई भ्या वाटतं." मग जाता जाता दारात थांबून म्हणाली, "तरी पण चौथा अभंग मी बरा म्हणते."

ॲम्प्लिफायर घरात आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. उमरीची साक्षी नावाची एक मुलगी होस्टेल सोडून चालली होती. दुसऱ्या प्रयत्नातही तिचा नंबर लागला नव्हता. तिने खाट दिली, टेबल दिलं, कुलर दिला, आणि शेवटी रिक्षातून एक काळं चौकोनी खोकं काढलं. पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनपेक्षा थोडं बुटकं, पुढे जाळी, वर पाच-सहा गोल बटणं आणि पकडायला पट्टा. एका कोपऱ्यातलं प्लास्टिक उडालेलं होतं.

"हे काय वं, पोरी? टेप हाय का?"

"गिटारचा ॲम्प हाय, काका. गिटारची वायर याच्यात लावायची, मग मोठा आवाज येतो."

"आणि गिटार?"

"ती मी नेऊन राहिले. हे न्यायला घरी जागा न्हाई." मग खोक्याच्या जाळीवरून हात फिरवत ती म्हणाली, "तसा याचा आवाज कुणी ऐकलाच न्हाई. होस्टेलला चालत न्हाई ना. दोन वर्षं हेडफोन लावूनच वाजवलं."

धोंडप्पाने खोकं उचललं, हलवलं, कानाजवळ नेलं. जुनं सामान घेताना तो असंच करतो. आत काही खुळखुळलं नाही. मग त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो दुकानदाराचा प्रश्न नव्हता. "याच्यात माणूस बोलला तर?"

साक्षीने खांदे उडवले. "माईकची पीन बसती याला. पण हे गिटारसाठी बनवलेलं हाय, गाण्यासाठी न्हाई. आवाज जरा बंद खोलीतून आल्यासारखा येईल. आणि हे लाल बटण तेवढं दाबू नका."

दुकानातली वस्तू धोंडप्पाने त्याआधी कधी घरी आणली नव्हती. त्या दिवशी त्याने गंजगोलाईच्या बाजारातून एक माईक घेतला, खोकं स्कूटरच्या पुढे दोन पायांत धरलं आणि घरी येऊन लोखंडी पेटीवर ठेवलं. वायर लावली, पीन घातली, आणि लाल बटण दाबलं. ते दाबू नका की दाबा, हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"बोल काही तरी."

"काय बोलू?" असं नागम्मा म्हणाली, आणि खोक्यातून एखादा रेडा पाण्यातून डुरकतो तसा आवाज बाहेर आला. शेजारची सुमनबाई पदराला हात पुसत धावत आली. "काय झालं वं? कोण आलं?" धोंडप्पा भिंतीला टेकून हसत होता. नागम्माही हसली, आणि तिचं ते हसणंही खोक्यातून डुरकलं, तेव्हा ती आणखीनच हसली. जानेवारीनंतर त्या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं.

लाल बटण बंद केल्यावर जे उरलं ते साधंच होतं. साक्षी म्हणाली होती तसं, बंद खोलीतून आल्यासारखं. देवळातल्या लाउडस्पीकरसारखा घुमारा त्यात नव्हता. पण नागम्मा कॉटवर बसून जेवढ्या आवाजात बोलली तेवढंच खोकं मोठं करून बोललं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिलेली सुमनबाई म्हणाली, "हाव, आलं ऐकू."

कुणीही मान वाकडी केली नव्हती.

मग रोजचा नेम झाला. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, स्ट्रॉचे बुडबुडे, आणि मग खोकं. बटण फिरवलं की लगेच चालू होतं, जुन्या रेडिओसारखी वाट बघायला लागत नाही, हे तिला आवडायचं. आवाजाच्या बटणात खरखर होती. धोंडप्पाने झाकण उघडून ती साफ केली. आत काचेचे दिवे नाहीत, नुसती हिरवी पट्टी आणि मुंगीएवढे भाग, हे बघून तो म्हणाला, "काही जळायसारखं न्हाईच की याच्यात."

पहिले काही दिवस तिला स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. खोकं सगळंच मोठं करायचं. गिळलेली थुंकी, दातांवर घासलेली जीभ, आणि सगळ्यात मोठा श्वास. आयुष्यभर गायली, पण आपण श्वास किती वेळा घेतो हे तिने कधी मोजलं नव्हतं. खळ्यावरच्या आवाजाला ते मोजायची गरज नव्हती. आता एका ओळीत तीन वेळा हवा संपत होती आणि ती कुठे संपते ते खोकं दाखवून द्यायचं. मग तिने ओळी तोडायला सुरुवात केली. शब्दाच्या मध्ये नाही, अर्थ जिथे आपोआप टेकतो तिथे. आईने शिकवलेल्या अभंगात अशा जागा आधीपासून होत्या. धावत्या गाडीतून विहीर दिसत नाही, चालत गेलं की दिसते, तशा त्या तिला दिसायला लागल्या. सूरही खाली उतरला. आधी ती जिथून सुरुवात करायची तिथपासून चार सूर खाली. डॉक्टरीणबाईंचं वाक्य ती रोज मनात म्हणायची. जेवढा आहे तेवढाच.

आषाढातल्या एका सोमवारी धोंडप्पाने खोकं देवळात नेऊन ठेवलं. बायका जमल्या. नागम्मा पुढे बसली. खोकं तिच्या उजव्या हाताला, जाळी पिंडीकडे. ते तसं ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं आणि दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही. भजन देवाला म्हणायचं, तर आवाज देवाकडेच जाणार.

पहिली ओळ तिने म्हटली. मागून काहीच आलं नाही. तिने पुन्हा म्हटली. गौरम्माने अर्धी ओळ उचलली, बाकीच्यांनी तिच्यावरून उचलली, तोवर नागम्मा पुढच्या ओळीवर गेली होती. टाळ एकमेकींच्या अंगावर पडायला लागले. तिसऱ्या ओळीला सगळं थांबलं.

"ऐकू येतंय कुठं?" मागच्या ओळीतून कुणी तरी म्हणालं.

"देवाला येत असंल," गौरम्मा म्हणाली. "आमाला न्हाई."

त्यांनी आवाज वाढवला. खोकं कुई करून ओरडलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "साकु, साकु," गौरम्मा म्हणाली, "बस झालं, कान गेले माझे." शेवटी ती पुढे बसली आणि भजन पुरं केलं. नागम्मा शेजारी टाळ धरून बसून राहिली.

घरी येताना धोंडप्पा म्हणाला, "मोठं बघू एखादं. नांदेडला जुने मिळतात म्हणं, लग्नात वाजवणाऱ्यांचे."

नागम्माने मान हलवली. खोकं लहान आहे असं तिलाही वाटलं होतं, पण मोठ्या खोक्यात मोठा वारा ऐकू येईल हे तिला आता ठाऊक होतं.

गोष्ट उलगडली ती अशीच, दुपारी. जेवणं झाली होती. खोकं पेटीवर चालूच राहिलं होतं. माईकची पीन काढलेली नव्हती, आणि कुणी गात नसलं की ते बारीक गुणगुणत राहतं. नागम्मा केर काढत होती. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात झाडू घातला तेव्हा तिला वाटलं लाइट गेली, कारण गुणगुण थांबली. ती पुढे आली. गुणगुण होती. पुन्हा मागे गेली. नव्हती, म्हणजे होती, पण भिंतीपलीकडे असल्यासारखी. झाडू हातात तसाच धरून ती खोक्याभोवती दोनदा फिरली.

तिच्या मनात आवाज कंदिलासारखा होता. मधे ठेवला की चारी बाजूंना उजेड. खोकं तसं नव्हतं. त्याला तोंड होतं, आणि तोंड जिकडे तिकडेच ते बोलत होतं. सोमवारी ते पिंडीशी बोललं आणि बायांकडे त्याची पाठ होती.

इतकं सोपं होतं ते. पण झाडू कोपऱ्यात उभा करून ती कॉटवर बसली तेव्हा तिला दुसरी बाजूही दिसली. खोकं बायांकडे वळवलं तर बायांना ऐकू येईल. त्या गातील. देवणीच्या मांडवात त्यांचा आवाज जाईल. तिचा जाणार नाही. खोक्याचा आवाज सातजणींपुरताच होता, त्यापुढे मांडवातली गर्दी. देवणीत तिला तोंडाने कमी आणि आवाजाने जास्त ओळखतात. बावीस वर्षांत तिकडच्या बायका तिला म्हणत आल्या होत्या, "संगम्माच बसलीय असं वाटतं वं." हे एक वाक्य ऐकायला ती वर्षभर थांबायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गौरम्मालासुद्धा नाही.

दोन सोमवार तिने खोकं देवळात नेलंच नाही. गौरम्माने विचारलं, तर म्हणाली, बटण बिघडलंय. आणि त्या दोन सोमवारी ती मागच्या ओळीत बसून गौरम्माच्या पाठीकडे बघत राहिली. ती पाठ ताठ होती, खांदे वर चढलेले. भ्या वाटतं म्हणाली होती ते खरंच होतं.

श्रावणात मंडळ देवणीला गेलं. आठ बाया, एक जीप, मांडीवर टाळांची पिशवी, आणि धोंडप्पाच्या पायांत खोकं. सप्ताहाचा मांडव देवळापुढे घातलेला. आत पिंडीसमोर जागा, बाजूला पाळीची वही घेऊन श्रीमंतप्पा बसलेले. वहीचं काम त्यांच्याकडे पंचवीस वर्षं आहे. लिंबाच्या झाडावर दोन कर्णे, तोंडं गावाकडे. ते चालवणारा मल्लेश तिच्याच भावकीतला.

"आत्या, हा घ्या मोठा माईक. एको पण लावतो, लई ग्वाड येतो आवाज."

तिने माईक तोंडापुढे धरला आणि "ओम" म्हटलं. वर लिंबात फुटक्या पत्र्यावरून वारा गेल्यासारखं काही वाजलं, आणि एको होता म्हणून ते चार वेळा वाजलं. मांडवातल्या दोन-चार बायकांनी मान वर करून झाडाकडे बघितलं. पहिल्या रांगेत उदगीरच्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "अरेरे." ती खरंच हळहळली होती. त्याचंच नागम्माला जास्त लागलं.

तिने माईक खाली ठेवला. मल्लेशकडे बघितलं आणि बोटाने मागच्या सातजणी दाखवल्या. मल्लेशला कळेना. मग तो तिच्या तोंडाजवळ वाकला.

"ह्यो त्यांच्यापुढं ठेव."

"आणि तुमाला?"

"मला माझं हाय." मल्लेशने मोठा माईक सातजणींपुढे ठेवला, तोंड त्यांच्याकडे, पाठ नागम्माकडे.

धोंडप्पाने खोकं तिच्या उजव्या हाताला ठेवलं, जाळी पिंडीकडे. त्याने छोटा माईक तिच्या हातात दिला आणि तो उठणार इतक्यात नागम्माने स्वतः पट्टा धरला, खोकं उचललं, आपल्या पाठीमागे नेलं आणि वळवून ठेवलं. जाळी सातजणींकडे.

गौरम्माने खोक्याकडे बघितलं, मग पिंडीकडे. "अयायो. खोक्याची पाठ देवाकडं झाली की वं!"

"होऊ दे," नागम्मा म्हणाली, आणि ते खोक्यातून सातजणींना स्वच्छ ऐकू आलं. "त्याला कुठं लिंगदीक्षा दिलीय."

मागची ओळ फसकन हसली. श्रीमंतप्पांनी वहीतून मान वर केली, कशाला हसल्या ते त्यांना कळलं नाही. मांडवात कुणालाच कळलं नाही. नागम्मा पिंडीकडे तोंड करून बसली आणि तिने चार सूर खालून सुरुवात केली.

पहिली ओळ तिने अर्थ टेकतो तिथे सोडली. क्षणभर काहीच नाही. मग मागून, तिच्या दोन्ही खांद्यांवरून, सातजणींनी ती उचलली, आणि वर लिंबातून ती साऱ्या गावाला ऐकू गेली. गौरम्मा सगळ्यांच्या आधी होती, नेहमीसारखी, पण ताणलेली नव्हती. ओळ संपेपर्यंत नागम्माला श्वास घ्यायला जागा होती. इतकी जागा गाण्यात असते हे तिला माहीत नव्हतं. आधी ती त्यांच्या ओळीवरही गायची, आवाज होता म्हणून. आता ती थांबून ऐकत होती. तिसरी बाई कडव्याच्या शेवटी जरा ओढते. कोपऱ्यातली सगळ्यात बारीक आवाजाची, पण सुरात तीच पक्की. बावीस वर्षं ह्या बाया तिच्या पाठीमागे गात होत्या, आणि कोण कसं गातं ते तिला आज कळत होतं.

लय वाढवायची वेळ आली तेव्हा तिने नुसता श्वास जरा लवकर घेतला. खोक्याने तो श्वास त्यांना दिला. सातही जणींनी लय उचलली.

तासाभराने आरती झाली. प्रसाद फिरला. पुढच्या वर्षीची पाळी लिहायची म्हणून श्रीमंतप्पांनी वही उघडली, चष्मा लावला आणि मग पेन तसंच धरून बसले. ते प्रामाणिक माणूस. जे कानांनी ऐकलं नाही ते वहीत लिहायची त्यांना सवय नव्हती.

"नागम्मा, राग मानू नको. पण गाणाऱ्या बाईच्या नावानं लिवायची रीत हाय. मी इथंच बसलो होतो. मला गौरम्माचा आवाज आला, बाकीच्यांचा आला. तुझा काही आला न्हाई."

उदगीरच्या बाया निघायच्या थांबल्या. धोंडप्पा वायर गुंडाळत होता, त्याचे हात थांबले. नागम्माने तोंड उघडलं, पण माईकची पीन त्याने काढलेली होती, आणि इतक्या गलक्यात ती काय बोलणार होती. तिने गौरम्माकडे बघितलं. गौरम्माने नुसतं "हाव" म्हटलं असतं तरी कुणी खोटं ठरवलं नसतं. साऱ्या गावाने तिचाच आवाज ऐकला होता.

गौरम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा, तुमच्या घरी रेडिओ होता का?"

"होता की."

"रेडिओ गातो का?"

"आता हे काय मधीच?"

"रेडिओ न्हाई गात. गाणारा ठेसनात बसलेला असतो, तो दिसत न्हाई आन् तिथून ऐकू बी येत न्हाई. आमी सात रेडिओ. ठेसन ही हाय. लिवा नागम्मा." मग जरा थांबून म्हणाली, "चौथा अभंग पाहिजे तर माझ्या नावानं लिवा."

श्रीमंतप्पांनी बाकीच्या सहाजणींकडे बघितलं. त्या सहाही जणींनी एकदम मान हलवली. मग त्यांनी लिहिलं, सावकाश, मोठ्या अक्षरांत, आणि वही नागम्माला वाचायला दिली. तिने आपलं नाव वाचलं आणि वही दोन्ही हातांनी परत केली. उदगीरची ती हळहळणारी बाई जवळ आली. "शरणार्थ, आक्का," ती हात जोडून म्हणाली. "ते खोकं कुठं मिळतं वं?"

जीप यायला वेळ होता. मांडव रिकामा होत होता. खांबाला टेकून चतुराबाई बसली होती, ऐंशीच्या पुढची, संगम्माची मैत्रीण. नागम्मा तिच्या पाया पडायला गेली. म्हातारीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"संगम्माची पोरगी न्हवं? लई ग्वाड गायल्या गं तुझ्या बाया. पण तू यंदा का न्हाई गायलीस?"

नागम्माच्या ओठांवर सगळं आलं. ऑपरेशन, नस, खोकं, बायांकडे केलेलं तोंड. चतुराबाईला ऐकू कमी येत होतं आणि नागम्माला सांगता कमी येत होतं. तिने म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढ्याच आवाजात, न ओढता, ती म्हणाली,

"मी पुढं बसले होते, मावशी."

"बस की," चतुराबाई म्हणाली. "पुढं कुणीतरी बसायलाच लागतं." आणि उठायला तिने हात पुढे केला.

नागम्माने तो धरला.